डायबेटिसमध्ये केळी बंद, भाकरी सुरू? रावेरच्या ताटातल्या कार्ब्सचं नेमकं गणित काय आहे?

रावेर तालुक्यात एखाद्याला शुगर निघाली की रिपोर्ट हातात घेऊन तो घरी पोचेपर्यंत त्याला तीन सल्ले मिळालेले असतात. पहिला, केळी बंद. दुसरा, गव्हाची पोळी सोडा आणि ज्वारीची भाकरी धरा. तिसरा सल्ला हल्ली मोबाईलवर येतो. कार्ब्स बंद करा, तीन महिन्यांत गोळ्या सुटतील.

यातला पहिला सल्ला अर्धा बरोबर आहे. दुसरा बराचसा चुकीचा आहे. तिसऱ्यात तथ्य आहे, पण तो जसा फॉरवर्ड होतो तसाच्या तसा पाळला तर काही पेशंटना थेट ॲडमिट व्हायची वेळ येऊ शकते.

लो-कार्ब म्हणजे कार्बोहायड्रेट्स कमी असलेलं खाणं. हा विषय आता फक्त पुण्या-मुंबईच्या जिमचा राहिलेला नाही. २०२३ मध्ये 'लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रायनॉलॉजी' या नियतकालिकात आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष आले. भारतात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोकांना प्रीडायबेटिस, म्हणजे उंबरठ्यावरची शुगर, असल्याचा अंदाज त्यात आहे. याच पाहणीचे पहिल्या टप्प्यातले आकडे २०११ मध्ये आले होते. तेव्हाच महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दर १०० प्रौढांमागे ६ ते ७ जणांना डायबेटिस होता. म्हणजे 'हा शहरी, बसून काम करणाऱ्यांचा आजार' हे वाक्य तेव्हाही खरं नव्हतं.

मग केळीच्या पट्ट्यात, भाकरी आणि बट्टीच्या मुलखात राहणाऱ्या माणसाने खायचं काय? त्यासाठी आधी केळंच समजून घेऊ.

केळी पिकते तेव्हा नेमकं काय होतं?

तापीच्या काठच्या रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा या तालुक्यांत केळी म्हणजे वर्षाचं बजेट. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर आणि सावदा स्टेशनवरून इथली केळी रेल्वेने दिल्लीकडे जाते, ट्रकने तर देशभर जाते. पण ती जाते हिरवी. घड कच्चाच कापतात आणि पुढे रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायू देऊन तो पिकवतात.

हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. त्या चेंबरमध्ये आत काय घडतं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. कच्च्या केळ्याच्या गरात २० टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतो, म्हणजे पिठूळ पदार्थ. म्हणून ते गोड लागत नाही. पिकताना हा स्टार्च तुटत जातो आणि त्याची साखर होते. पूर्ण पिकलेल्या केळ्यात स्टार्च नावाला उरतो, बाकी सगळी साखर. बाहेरून कोणी साखर घातलेली नसते. होता तोच पिठूळपणा गोड झालेला असतो.

भाकरीचं पोटात हेच होतं. ज्वारी, गहू, तांदूळ, साबुदाणा, बटाटा या सगळ्यांत स्टार्च असतो. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबच लांब माळ. चेंबरमध्ये केळी पिकायला काही दिवस लागतात, आतड्यात भाकरीची माळ तुटायला दोन-तीन तास पुरतात. जिभेला ती गोड लागत नाही, पण रक्तात उतरते ती ग्लुकोज म्हणूनच.

रक्तात ग्लुकोज आलं की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन ते ग्लुकोज स्नायूंत आणि यकृतात पोचवतं, आणि तिथली जागा भरली की उरलेल्याची चरबी करायला लावतं. टाइप २ डायबेटिसमध्ये स्नायू आणि यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, वर्षानुवर्षं ओव्हरटाइम करतं आणि शेवटी थकतं. लो-कार्बमागचा विचार इतकाच आहे, की ज्या मालाची विल्हेवाट शरीराला लावता येत नाही, त्याची आवकच कमी करा.

आता केळ्याचा हिशेब. सालीशिवाय साधारण १२० ग्रॅम भरणाऱ्या मध्यम केळ्यात सुमारे २७ ग्रॅम कार्ब्स असतात. ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीत सुमारे ४० ग्रॅम.

म्हणजे एक केळं हे पाऊण भाकरीपेक्षाही कमी आहे. 'केळी बंद' हा सल्ला अर्धा बरोबर आहे तो यासाठी, की जेवण पूर्ण करून वर दोन केळी खाल्ली तर ५४ ग्रॅमची भर पडते, आणि रावेरमध्ये केळी घरात मोजून आणत नाहीत, फणीच येते. पण केळी बंद करून कोणी ताटात एक भाकरी वाढवली, तर त्याने शुगर कमी केली नाही, वाढवली.

कच्च्या केळ्याचा वेगळा मुद्दा आहे. त्यातला काही स्टार्च लहान आतड्यात पचतच नाही, म्हणून कच्च्या केळ्याच्या भाजीने शुगर तुलनेने हळू चढते. पण म्हणून केळीचे वेफर्स चालतील असं नाही. १०० ग्रॅम वेफर्समध्ये ५८ ग्रॅमच्या आसपास कार्ब्स आणि ३० ग्रॅमहून जास्त तेल, म्हणजे ५०० च्या वर कॅलरी. फैजपूर-सावदा रस्त्यावर घेतलेलं गरम वेफर्सचं पाकीट घरी पोचेपर्यंत निम्मं होतं, हे खान्देशात कोणाला सांगायला नको.

ज्वारी चांगली, पण शुगरसाठी?

ज्वारीची बाजू घेणारे खूप आहेत, आणि ज्वारी खरंच चांगलं धान्य आहे. कमी पाण्यात येते, ग्लुटेन नाही, पोट भरतं. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटक तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कार्ब्स आहेत आणि गव्हाच्या पिठात सुमारे ६४. तंतू दोन्हींत जवळपास सारखे. म्हणजे कार्ब्सपुरतं बघितलं तर ज्वारी गव्हापेक्षा तसूभर जास्तच आहे.

आणि पोळी ३० ग्रॅम पिठाची असते, भाकरी ६० ग्रॅमची. खान्देशी हाताची भाकरी त्याहून मोठी असते. त्यामुळे 'आधी दोन पोळ्या खायचो, आता दोनच भाकरी खातो' म्हणणाऱ्याच्या ताटात कार्ब्स दुप्पट झालेले असतात. तीन महिन्यांनी रिपोर्ट तसाच येतो आणि तो म्हणतो, सगळं पथ्य पाळलं, काही उपयोग नाही.

याला मोठ्या अभ्यासाचा आधारही आहे. इंडियाब पाहणीतल्या लोकांच्या आहाराचं विश्लेषण २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आलं. भारतीय माणसाला दिवसाच्या एकूण कॅलरीपैकी सरासरी ६२ टक्के कॅलरी कार्ब्समधून मिळतात, आणि हे प्रमाण जगात वरच्या बाजूला मोडतं. भरड धान्य मुख्य अन्न म्हणून खाणारी जी मोजकी राज्यं त्यात दिसली, त्यांत महाराष्ट्र आहे. आणि खरा निष्कर्ष असा, की पांढरा तांदूळ किंवा मैदा काढून त्या जागी तेवढंच गव्हाचं किंवा भरड धान्याचं दळलेलं पीठ आणलं, तर डायबेटिसचा धोका कमी झालेला दिसत नाही. धोका कमी दिसतो तो कार्ब्सचा थोडा हिस्सा काढून तिथे डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्यातलं प्रोटीन आणल्यावर.

दळलेलं पीठ यातला 'दळलेलं' हा शब्द महत्त्वाचा आहे. अख्खा दाणा चावून खाल्ला तर पचायला वेळ लागतो. गिरणीत बारीक झालं की निम्मं पचन तिथेच झालेलं असतं.

मग कळण्याची भाकरी? ज्वारीत उडीद घालून दळलेलं हे पीठ खान्देशाची ओळख आहे. तीन वाटे ज्वारी आणि एक वाटा उडीद धरला तर ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत कार्ब्स ४० वरून ३८ च्या आसपास येतात, म्हणजे फार फरक नाही. पण प्रोटीन ६ वरून ८ ग्रॅमवर जातं, चव वाढते आणि एका भाकरीत भूक भागण्याची शक्यता वाढते. तेवढ्यासाठी कळणं चांगलं. औषध म्हणून नाही.

लो-कार्ब म्हणजे किती लो?

इथे बराच गोंधळ आहे, कारण एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

डॉक्टरी भाषेत साधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कार्ब्स म्हणजे लो-कार्ब. २० ते ५० ग्रॅम म्हणजे अतिशय लो-कार्ब, ज्याला कीटो म्हणतात. तिसरा प्रकार म्हणजे आहे त्यातून थोडं कमी करणं. त्याला कुठलंच चकचकीत नाव नाही, म्हणून त्याचे रील्सही बनत नाहीत.

कीटोचे ५० ग्रॅम म्हणजे सव्वा भाकरीत दिवस संपला. त्यानंतर वरणही मोजून घ्यावं लागतं, कारण तूरडाळीत निम्म्याहून जास्त कार्ब्सच असतात. शाकाहारी घरात, आणि रावेर-यावल पट्ट्यात शाकाहारी घरं भरपूर आहेत, हे पनीर, शेंगदाणे आणि पालेभाज्यांवर महिनोन्‌महिने निभावणं फार अवघड जातं. ज्यांना जमतं त्यांना जमतं. पण सुरू करणारे जितके दिसतात, तितके वर्षभराने दिसत नाहीत.

संशोधनही हेच सांगतं. २०२१ मध्ये 'बीएमजे'त २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. सहा महिने लो-कार्ब खाणाऱ्यांपैकी ५७ टक्के लोकांची तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी एचबीए१सी चाचणी ६.५ च्या खाली आली, इतर आहार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होतं. हा फरक मोठा आहे. मात्र यात गोळ्या चालू असलेलेही धरले होते. गोळ्यांशिवाय ६.५ च्या खाली राहिलेल्यांचा हिशेब केला तेव्हा फरक बराच आकसला, आणि वर्षभराने एकूण फायदाही ओसरताना दिसला.

भारतीयांसाठी गणित मांडणारा एक अभ्यास इंडियाबच्याच माहितीवरून २०२२ मध्ये 'डायबेटिस केअर'मध्ये आला. डायबेटिस झालेल्यांची शुगर पुन्हा मर्यादेत आणायची तर कार्ब्स ४९ ते ५४ टक्के आणि प्रोटीन १९ ते २० टक्के असावं, असं त्याचं उत्तर होतं. आकड्यांवरून काढलेला हा अंदाज आहे, प्रत्यक्ष लोकांवर केलेली चाचणी नव्हे. पण दिशा स्पष्ट आहे. ६२ वरून ५० वर या.

हे ग्रॅममध्ये करून बघा. दिवसाला २००० कॅलरी धरल्या तर ६२ टक्के म्हणजे ३१० ग्रॅम कार्ब्स, ५० टक्के म्हणजे २५० ग्रॅम. फरक ६० ग्रॅमचा, म्हणजे दीड भाकरीचा.

रावेरचं एक ताट मोजून बघू

समजा एखाद्याचा दिवस असा आहे. सकाळी बशीभर पोहे. दिवसभरात दोन चमचे साखरेचे चार चहा. दुपारी दोन भाकरी, भाजी, वरण आणि वाटीभर भात. संध्याकाळी एक केळं. रात्री दोन भाकरी आणि भाजी.

पोह्यांचे साधारण ४५ ग्रॅम. चहातल्या साखरेचे ४०. चार भाकरींचे १६०. भाताचे ४०. वरणाचे १७. केळ्याचे २७. भाज्यांचे १० धरा. बेरीज ३४० च्या आसपास.

यातलं केळं काढलं तर २७ कमी होतात आणि घरच्यांना वाटतं पथ्य सुरू झालं. त्याऐवजी चहातली साखर काढली तर ४० जातात. भात काढला तर आणखी ४०. चारच्या तीन भाकरी केल्या तर आणखी ४०. एकूण १२० गेले, केळं अजून जागेवर आहे. भूक लागू नये म्हणून एक वाटी मटकीची किंवा मुगाची उसळ आणि वाटीभर दही वाढवलं तर २० ग्रॅमची भर पडते, पण बरोबर १२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीनही येतं. आकडा २४० वर आला. शब्दकोशातलं लो-कार्ब हे नव्हे. पण बहुतेक घरांत जे खरंच चालू राहू शकेल असं हे आहे.

चहा बघा. चार चहा म्हणजे एक भाकरी. शेतावर, बाजार समितीत, केळी ग्रुपच्या ऑफिसात बसणाऱ्याचे सहा-सात सहज होतात. 'शुगर-फ्री' बिस्किटांचं तेच, साखर नसते पण मैदा असतोच.

उपासाच्या दिवसाचा हिशेब तर वेगळाच निघतो. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध स्टार्च, १०० ग्रॅमला ८८ ग्रॅम कार्ब्स. ७० ग्रॅम साबुदाण्याची एक प्लेट खिचडी ६० च्या पुढे जाते, वर बटाटा वेगळा. एकादशीला शुगर चढते ती देवामुळे नाही. उपासाला शेंगदाण्याची आमटी, दही, राजगिरा आणि थोडी भगर असं ताट केलं तर आकडा बराच खाली राहतो.

खान्देशी स्वयंपाकात लो-कार्बला लागणारं सामान आधीपासून आहे, ही यातली चांगली बातमी. भरीताचं वांगं घ्या. पाव किलो वांग्यात दहा ग्रॅमच्या आत कार्ब्स. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वर तेल. थंडीत शेतात कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजून होणारी भरीत पार्टी शुगरच्या पेशंटलाही चालते. अडचण भरीताबरोबर ताटात पडणाऱ्या पुऱ्यांची असते. पालेभाज्या, गिलकी, शेंगदाण्याचा ठेचा, ताक, डाळ घालून केलेली मेथी, आणि खाणाऱ्यांसाठी अंडी, मटण, मासे, हे सगळं याच रकान्यात येतं. पातोड्याची आमटी बेसनाची असल्यामुळे मधल्या रकान्यात, कारण बेसनात कार्ब्स असले तरी प्रोटीन आणि तंतूही भरपूर. शेवभाजीत बेसन तळलेलं असतं, शिवाय तर्री. तिथे प्रश्न कार्ब्सपेक्षा तेलाचा आणि मिठाचा आहे.

वरण-बट्टी मात्र सरळ जड रकान्यात. दोन मध्यम बट्ट्यांना १२० ग्रॅम पीठ लागलं तर ७५ ग्रॅमहून जास्त कार्ब्स, वर तूप. आणि दोन बट्ट्यांवर उठणारा माणूस पंगतीत विरळाच.

बारीक माणसाला शुगर कशी होते?

'मी दिवसभर बागेत राबतो, पोट सुटलेलं नाही, मला कशी शुगर?' याचं उत्तर पुण्यात मिळालेलं आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातल्या गावांत माता आणि बाळांचा अनेक वर्षं अभ्यास केला. भारतीय बाळ जन्मतःच वजनाने कमी असतं, पण त्या कमी वजनातही चरबीचं प्रमाण जास्त असतं, असं त्यातून पुढे आलं.

२००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचाच फोटो छापला, शेजारी ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना सारखंच सांगत होता आणि आतली गोष्ट दुपटीने वेगळी होती.

त्यामुळे भारतीय माणसाने वजनाबरोबर कमरेचा घेरही मोजायला हवा. पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या पुढे धोका सुरू होतो. कार्ब्स कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो गेले म्हणून कोणी स्टेटस ठेवलं तर समजून घ्या, त्यात मोठा भाग पाण्याचा असतो. शरीरातला ग्लुकोजचा साठा पाणी धरून ठेवतो, साठा संपला की पाणी जातं. चरबी त्यानंतर, हळूहळू जाते. घेर कमी होतोय का, हे महिनाभराने टेपने बघावं.

ज्यांचं वजन खरंच जास्त आहे त्यांच्यासाठी वजन कमी होणं हेच मोठं औषध ठरतं, मग ते कोणत्या मार्गाने का होईना. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' नावाच्या चाचणीत कार्ब्सवर नव्हे, तर एकूण कॅलरीवर कडक बंधन होतं. वर्षभराने ४६ टक्के लोक गोळ्यांशिवाय ६.५ च्या खाली होते, आणि ज्यांचं वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त घटलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले. चाचणीत घेतलेल्या सगळ्यांना डायबेटिस होऊन सहा वर्षं व्हायच्या आत होती आणि कोणीही इन्सुलिनवर नव्हतं, हे मात्र फॉरवर्डमध्ये लिहिलेलं नसतं.

आणि दीक्षित डाएट?

महाराष्ट्रात हा विषय दीक्षित डाएटशिवाय पुरा होत नाही. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी वजन आणि इन्सुलिनविषयी केलेल्या मांडणीवरून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी हा कार्यक्रम पुढे नेला. कडकडून भूक लागेल त्या दोन वेळा ओळखा, त्या दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही खाऊ नका आणि रोज ४५ मिनिटं चाला. फुकट, लक्षात राहणारा आणि घरचंच अन्न खाऊ देणारा हा सल्ला २०१८ च्या सुमारास गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचला. त्याच काळात 'थोडं थोडं आणि वारंवार खा' म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचे चाहते आणि दीक्षितांचे चाहते यांच्यात सोशल मीडियावर रंगलेला सामना अनेकांना आठवत असेल. पुढे दीक्षित राज्य सरकारच्या स्थूलतेविरोधी मोहिमेचा चेहराही झाले.

मधलं खाणं बंद झालं की गोड चहा, बिस्किटं, फरसाण आपोआप जातं, म्हणजे न मोजताही कार्ब्स कमी होतात. अनेकांना जो फायदा होतो त्याचं मोठं कारण हे असावं. पण त्या सगळ्या वादात 'किती वेळा खायचं' हाच प्रश्न गाजला, 'ताटात काय आणि किती' हा मागे पडला. दोन वेळच्या जेवणात तीन-तीन भाकरी आणि वर भात बसवला तर बेरीज तिथेच येते.

गोळ्या चालू असतील तर हे आधी वाचा

कार्ब्स कमी करणं हे औषधाइतकंच परिणाम करतं. म्हणूनच ते औषधाच्या जोडीने, न सांगता सुरू करणं धोक्याचं आहे.

आपली गोळ्यांची पट्टी उलटी करून नाव वाचा. फक्त मेटफॉर्मिन असेल तर शुगर एकदम घसरण्याची भीती कमी असते. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर गोष्ट वेगळी. ही औषधं तुम्ही जेवलात की नाही ते बघत नाहीत, शुगर खाली आणतातच. ताटातून निम्मे कार्ब्स गेले आणि गोळी तीच राहिली तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. मे महिन्यात रावेरचा पारा ४५ च्या आसपास असताना बागेत काम करणाऱ्याला हे ऊन लागल्यासारखंच वाटतं आणि तो सावलीत जाऊन झोपतो. झोपू नये. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, १५ मिनिटांनी शुगर पुन्हा तपासावी, तरी वाढली नाही तर पुन्हा साखर घ्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखाना गाठावा.

दुसरं नाव डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या या गोळ्या पेटंट संपल्यापासून स्वस्त झाल्या आणि आता तालुक्याच्या मेडिकलवरही सहज मिळतात. गोळ्या चांगल्या आहेत. पण त्यांच्या जोडीला कीटो किंवा कडक उपास केला तर रक्तात आम्ल वाढून कीटोॲसिडोसिस होऊ शकतो, आणि त्यात ग्लुकोमीटरवरचा आकडा फार वाढलेला दिसतही नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं ही लक्षणं दिसली तर 'शुगर तर बरी आहे' म्हणून घरी थांबू नये.

ब्लडप्रेशरची गोळीही डॉक्टरांना दाखवावी, कारण कार्ब्स आणि वजन उतरलं की प्रेशरही उतरतं आणि उठताना चक्कर येऊ शकते. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवण्याआधी क्रिएटिनिन बघून घ्यावं. गरोदर बाई, टाइप १ डायबेटिस असलेली मुलं आणि फार बारीक झालेली म्हातारी माणसं यांनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने करूच नये.

आणि 'गोळ्या सुटल्या' म्हणजे काय, याचीही व्याख्या ठरलेली आहे. औषध बंद करून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिलं, तर डॉक्टर त्याला रेमिशन म्हणतात. डायबेटिस बरा झाला असं म्हणत नाहीत. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा, लघवीतलं प्रोटीन आणि पायांची संवेदना तपासणं त्यानंतरही चालूच राहतं. बागेत अनवाणी फिरणाऱ्याच्या पायाला काटा रुतून कळलंच नाही, ही गोष्ट एचबीए१सीच्या कागदावर दिसत नाही.

घरी ग्लुकोमीटर असेल तर वादाचा निकाल लावायला दोन स्ट्रिप पुरतात. जेवायच्या आधी एक आकडा, पहिल्या घासापासून दोन तासांनी दुसरा. बहुतेक पेशंटसाठी हा दुसरा आकडा १८० च्या आत असावा असं डॉक्टर धरतात. एक दिवस तीन भाकरींवर मोजा, एक दिवस दीड भाकरी आणि उसळीवर, एक दिवस जेवणानंतर केळं खाऊन. तिन्ही आकडे तारखेसह कागदावर लिहा आणि पुढच्या फेरीला गोळ्यांच्या पट्टीबरोबर तो कागदही डॉक्टरांसमोर ठेवा.